सबमिशन : जर्नलचं आणि कर्नेलचं

सुरुवातीलाच एक कबुली. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण सोलापुरातल्या एका कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरात मराठी, दारात कन्नड आणि वर्गात मराठीचा शब्द निघाला की एक रुपया दंड! त्यामुळे मासिकाचे विद्यार्थी संपादक लेख मागायला आले तेव्हा मी आधी इंग्रजी विभागाकडे बोट दाखवलं. "तिकडे गर्दी आहे. टाइम मॅनेजमेंटवरच पाच लेख आलेत, तेही मुदत संपल्यावर. तू मराठीतच लिही, ऱ्हस्व-दीर्घ आम्ही बघतो," असं उत्तर मिळालं. तेव्हा शुद्धलेखन चुकलं तर त्यांची जबाबदारी, मुद्दा चुकला तर माझी. कशाची जबाबदारी कोणाची, हे आधी ठरलेलं बरं असतं. हा लेख मुळात त्याबद्दलच आहे.

आपल्या हॉस्टेलवर 'सबमिशन' म्हटलं की काय डोळ्यांसमोर येतं, ते वेगळं सांगायला नको. रात्रीचे तीन, चहाचा थर्मास, एका जर्नलभोवती पाच जणी. ड्रॉइंग शीट असेल तर काच, काचेखाली दिवा आणि वर जी.टी. एक्सपेरिमेंट नंबर सहाची रीडिंग्ज तीन बॅचेस फिरून आपल्यापर्यंत आलेली असतात, म्हणजे एका अर्थी ती वारसाहक्काचीच! सकाळी सही होते, फाइल कपाटात जाते आणि पुन्हा तिचं तोंड कोणी बघत नाही. (स्टाफरूममधल्या वाचकांनी हा परिच्छेद वाचला नाही असं मी समजते.)

यंदा मला दुसऱ्या एका सबमिशनची ओळख झाली. हार्डवेअर कंपनीने लिहिलेला ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नेलमध्ये द्यायचा, त्याची तयारी. तिथे सही आधी करावी लागते आणि फाइल कपाटात कधीच जात नाही.

वळसंगचं दुकान

माझं गाव वळसंग. सोलापूरहून अक्कलकोटला जाताना लागतं. तिथे बाबांचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं छोटं दुकान आहे. दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर मी फर्स्ट इयरला असताना लिनक्स टाकलं. एकतर फुकट, आणि दुसरं म्हणजे पेन ड्राइव्हमधून येणाऱ्या व्हायरसचा त्रास गेला. इंटरनेटचा राउटर वरच्या मजल्यावर काकांकडे, म्हणून खाली यूएसबीचा वाय-फाय डोंगल लावला. कंपनीचं नाव सांगत नाही. लिनक्सने तो आपोआप ओळखला नाही, पण कंपनीकडून ड्रायव्हरच्या सोर्स कोडची झिप मिळाली. मी ती कंपाइल केली, डोंगल चालला आणि घरात माझा भाव वाढला.

गेल्या जूनमध्ये सुट्टीला घरी असताना मी कौतुकाने 'अपडेट' केलं. नवीन कर्नेल आलं आणि डोंगल गप्प झाला. ड्रायव्हर पुन्हा कंपाइल करायला गेले तर स्क्रीनभर एरर. नेमके ॲडमिशनचे दिवस, दुकानात रांग आणि रांगेत आमच्याच गल्लीतली एक मुलगी, जिच्या डिप्लोमाच्या फॉर्मची ती शेवटची तारीख होती. मोबाइलवर कागदपत्रं काही केल्या अपलोड होईनात. शेवटी बाबांनी शटर अर्धं ओढलं आणि तिला व तिच्या आईला घेऊन ते सोलापूरला गेले. फॉर्म संध्याकाळी भरला गेला. रात्री जेवताना बाबा एवढंच म्हणाले, "तुझं लिनक्स फुकट आहे खरं, पण आज पेट्रोल किती लागलं बघ की!"

मला जेवण गेलं नाही. ती तारीख चुकली असती तर त्या मुलीचं एक वर्ष गेलं असतं, माझ्या एका क्लिकमुळे. (जाता जाता उपयोगाचं : मशीन सुरू होताना येणाऱ्या मेन्यूमधून जुनं कर्नेल निवडता येतं. त्या दिवशी मला हे सुचलं असतं तर दोन मिनिटांत काम झालं असतं. तुम्ही लक्षात ठेवा.)

ड्रायव्हर म्हणजे दुभाषी

सिव्हिल-मेकॅनिकलच्या मित्रमैत्रिणींसाठी थोडक्यात सांगते. बाबांच्या दुकानात एखाद्या आज्जी येतात, त्या बोलतात कन्नड. फॉर्म असतो मराठीत नाहीतर इंग्रजीत. मध्ये बसून बाबा दोन्हीकडचं दोन्हीकडे सांगतात. ड्रायव्हर तेच करतो. एका बाजूला डोंगलमधली चिप, दुसऱ्या बाजूला कर्नेल.

आता फॉर्मचा नमुना दरवर्षी बदलतो. कर्नेलचंही तसंच आहे. बाहेरच्या प्रोग्रॅमना कर्नेल जे वचन देतं ते सहसा मोडत नाही, पण आतल्या आत, ड्रायव्हर ज्या फंक्शनना हाक मारतात ती बदलण्याचा अधिकार कर्नेलवाले स्वतःकडे ठेवतात. उदाहरण घ्या. टायमर लावायची एक जुनी पद्धत होती. जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या ४.१५ या आवृत्तीत ती काढून टाकली गेली. कर्नेलच्या आत असलेल्या ड्रायव्हरांचं काय झालं? काही नाही. पद्धत बदलणाऱ्यांनीच ते सगळे शोधून दुरुस्त केले. आणि कंपनीच्या झिपमध्ये असलेले ड्रायव्हर? त्यांचा पत्ताच कोणाला माहीत नव्हता. ते नव्या कर्नेलवर कंपाइल होईनात.

म्हणजे ड्रायव्हर कर्नेलमध्ये जाणं हा नुसता मान नाही, ती सोय आहे. घरातल्या माणसाचं ताट आपोआप वाढलं जातं, बाहेरच्याला दर वेळी आठवण करून द्यावी लागते. मी ठरवलं, हा ड्रायव्हर घरात आणायचा. मिनी प्रोजेक्ट म्हणून विषय दिला, सरांनी मान्य केला.

झिप उघडली...

चालणारा ड्रायव्हर आणि वाचता येणारा ड्रायव्हर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पहिल्या तासात कळलं. एकच कोड कंपनीला विंडोजवर, लिनक्सवर आणि आणखी कुठे कुठे चालवायचा होता. म्हणून प्रत्येक पानावर 'अमुक सिस्टिम असेल तर हे, तमुक असेल तर ते', 'कर्नेल या आवृत्तीच्या आधीचं असेल तर असं, नंतरचं असेल तर तसं' अशा फांद्या. कर्नेलकडे मेमरी मागायचं फंक्शन असताना कंपनीने त्यावर स्वतःचं आवरण चढवलेलं. लॉकवर आवरण, टायमरवर आवरण, छापायच्या संदेशांवर तीन आवरणं! सगळ्यात मोठी गंमत म्हणजे वाय-फायचे नियम सांभाळणारा एक सामाईक भाग कर्नेलमध्ये तयार आहे. कंपनीने तो न वापरता सगळे नियम पुन्हा स्वतः लिहिले होते. घरात जातं असताना प्रत्येक सुनेने आपापलं जातं घेऊन यावं, तसं.

कर्नेलसोबत 'चेकपॅच' नावाची एक स्क्रिप्ट येते. आपला कोड लिहिण्याच्या नियमांत बसतो का, ते ती तपासते. पहिल्याच फाइलवर ती चालवली आणि तक्रारी स्क्रीनवरून वाहतच राहिल्या. मला आमच्या शाळेतल्या सिस्टर आठवल्या. एक पूर्णविराम राहिला तर त्या अख्खं पान पुन्हा लिहायला लावत. चेकपॅच म्हणजे तीच सिस्टर, फक्त पट्टी नाही. आठ अक्षरांइतका टॅब, कंस कुठे उघडायचा, ओळ किती लांब (पूर्वी ८० अक्षरांवर ओरडायची, २०२० पासून १०० वर ओरडते)... शाळेत असताना वाटायचं, एवढ्याने काय बिघडतं? आता कळतं की कर्नेलमध्ये हजारो माणसांनी लिहिलेला कोड आहे. तो एकाच हाताचा दिसला नाही तर चूक शोधणाऱ्याचे डोळे अक्षरातच अडकतील, अर्थापर्यंत पोचणारच नाहीत.

पण एक सांगते, चेकपॅच गप्प झाली म्हणजे ड्रायव्हर तयार झाला असं अजिबात नाही. अक्षर सुंदर आणि उत्तर चुकीचं, असे पेपर आपण सगळ्यांनीच लिहिले आहेत.

"हा कोड तुझा आहे का?"

दोन आठवड्यांनी मी सरांना मोठ्या अभिमानाने साफ केलेल्या चार फाइली दाखवल्या. सरांनी कोड बघितलाच नाही. फाइलच्या वरच्या चार ओळी वाचल्या आणि विचारलं, "हा कोड तुझा आहे का? नसेल तर तो द्यायचा अधिकार तुला कोणी दिला?"

मी परत झिप उघडून बसले. काही फाइलींवर जीपीएल परवाना स्पष्ट लिहिलेला होता. काहींवर काहीच नव्हतं. आणि तीन फाइलींवर 'गोपनीय, सर्व हक्क राखीव' अशी पाटी होती. बहुधा आतल्या कुणीतरी घाईत तशाच टाकलेल्या. माझी रूममेट म्हणाली, "त्या ओळी उडव ना. कोण बघतंय?"

खरं सांगते, माझा हात डिलीटवर गेला होता. सीनियरच्या जर्नलवरचं नाव खोडून आपलं घालायची सवय हाताला असतेच. पण इथे कोडसोबत एक ओळ लिहावी लागते : 'साइन्ड-ऑफ-बाय', पुढे आपलं नाव आणि ई-मेल. ही ओळ उगीच आलेली नाही. २००३ मध्ये एससीओ नावाच्या कंपनीने आयबीएमवर दावा लावला. आरोप असा की आपल्या मालकीचा कोड लिनक्समध्ये घातला गेला. खटला वर्षानुवर्षं चालला. त्यानंतर २००४ मध्ये कर्नेलवाल्यांनी ही पद्धत सुरू केली. सही करणारा त्यात सांगतो की हे मी लिहिलं आहे आणि द्यायचा मला हक्क आहे, किंवा ज्यावरून घेतलं त्याचा परवाना मला अशी मुभा देतो, किंवा ज्याने मला दिलं त्याने अशीच खात्री दिली आहे. आणि ही नोंद कायम राहणार, सगळ्यांना दिसणार, हेही मला मान्य आहे.

जर्नलवर सही सरांची असते. इथे सही आपली. आजकाल एआयकडून कोड लिहून घेता येतो, पण त्या ओळीखालीही नाव आपलंच जातं. "मला एआयने सांगितलं" हे उत्तर इथे चालत नाही.

विश्वास मोडला तर काय होतं, त्याचं उदाहरण आपल्यासारख्याच विद्यापीठातलं आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी कर्नेलची तपासणी किती पक्की आहे हे बघायला मुद्दाम सदोष पॅच पाठवले होते. एप्रिल २०२१ मध्ये ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाचं योगदान घेणंच थांबवलं आणि तिथून आलेले जुने पॅचही पुन्हा तपासले गेले. दोन-तीन जणांच्या प्रयोगापायी प्रामाणिक मुलांची कामंही संशयाखाली आली.

मी डिलीट दाबलं नाही. कंपनीला मेल पाठवला : या तीन फाइलींचा परवाना काय, आणि त्या मोकळ्या करता का? सोबत फर्मवेअरबद्दलही विचारलं. फर्मवेअर म्हणजे चिपच्या आत चालणारा प्रोग्रॅम. तो कर्नेलच्या सोर्समध्ये जात नाही, 'लिनक्स-फर्मवेअर' नावाच्या वेगळ्या साठ्यात जातो, आणि तिथे ठेवायलाही 'वाटायला हरकत नाही' अशी कंपनीची परवानगी लागते.

हा लेख लिहीपर्यंत कंपनीचं उत्तर आलेलं नाही.

साफसफाई कशी करतात

उत्तराची वाट बघताना जीपीएलच्या फाइलींवर मी काम चालू ठेवलं, आणि आधी हे काम कोणी केलंय का ते वाचायला लागले. हाती लागलेली पहिलीच गोष्ट मायक्रोसॉफ्टची! जुलै २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या हायपर-व्हीसाठीचे ड्रायव्हर, सुमारे २०,००० ओळी, लिनक्सला दिले. ते थेट मुख्य घरात गेले नाहीत, 'स्टेजिंग' मध्ये गेले. स्टेजिंग म्हणजे घराची ओसरी. २००८ मध्ये क्रोह-हार्टमन यांनी सुरू केलेली. चालतो पण अजून घरात घेण्याजोगा नाही, असा कोड तिथे ठेवतात आणि सोबत काय काय दुरुस्त करायचं बाकी आहे त्याची यादी लावतात. मायक्रोसॉफ्टच्या कोडमध्येही कर्नेलच्या फंक्शनवर चढवलेली स्वतःची आवरणं होती, विंडोजच्या वळणाची नावं होती. ते सगळं उतरवायला अडीच-तीन वर्षं गेली. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या के. वाय. श्रीनिवासन यांनी इतके छोटे छोटे बदल पाठवले की ३.० या आवृत्तीत बदलांच्या संख्येत ते सगळ्यांच्या पुढे होते, साडेतीनशेच्या आसपास! २०१२ मध्ये ते ड्रायव्हर ओसरीतून घरात आले. ब्रॉडकॉमने सप्टेंबर २०१० मध्ये दिलेल्या वाय-फाय ड्रायव्हरलाही ओसरीतून आत यायला २०१२ चा जानेवारी उजाडला.

मला या आकड्यांनी धीर आला. मायक्रोसॉफ्टला तीन वर्षं लागली, मग माझ्या दोन आठवड्यांचं काय घेऊन बसलात!

या वाचनातून आणि हाताने करून जे कळलं ते क्रमाने देते :

१) आधी परवाना. प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत परवान्याचं लहान नाव असतं. ते कोणत्या आधारावर लिहिलं, हे सांगता आलं पाहिजे.

२) इतर सिस्टिमसाठीच्या आणि जुन्या कर्नेलसाठीच्या सगळ्या फांद्या छाटायच्या. कर्नेलमधल्या ड्रायव्हरला फक्त आजचं कर्नेल माहीत असावं.

३) आवरणं उतरवायची. मेमरी, लॉक, टायमर, संदेश, सगळीकडे कर्नेलची स्वतःची फंक्शन.

४) चूक झाली की कर्नेलच्या ठरलेल्या ऋण संख्या परत करायच्या. कंपनीच्या कोडमध्ये 'खरं' म्हणजे यश होतं, कर्नेलमध्ये बहुतेक ठिकाणी शून्य म्हणजे यश. या एका फरकामुळे मी दोन रात्री जागले.

५) मेमरी घेतली पण पुढच्या पायरीला काम फसलं, तर घेतलेलं सगळं उलट्या क्रमाने परत करायचं. कंपनीच्या कोडमध्ये हे बऱ्याच ठिकाणी नव्हतं. डोंगल मध्येच उपटला तर मशीन का अडकायचं, ते इथे उलगडलं.

६) एका पॅचमध्ये एकच बदल. हे सगळ्यात अवघड. नावं बदलता बदलता बग दिसतो आणि हात शिवशिवतो. पण दोन्ही एकत्र पाठवले तर तपासणाऱ्याला हजार नावांच्या गर्दीत तो बग दिसणार नाही. शिवाय प्रत्येक पॅचनंतर ड्रायव्हर कंपाइल झाला पाहिजे. मध्येच मोडून 'पुढच्यात जोडते' असं चालत नाही.

७) आणि सगळ्यात महत्त्वाचं : कर्नेलमध्ये जे तयार आहे ते पुन्हा लिहायचं नाही.

या सातव्या मुद्द्यावर मला महाराष्ट्रीय आडनावाचं एक मोठं उदाहरण सापडलं. २०१६ मध्ये एनव्हिडियाचे निओ जिया आणि कीर्ती वानखेडे यांनी एक काम कर्नेलकडे पाठवलं. प्रश्न असा होता : एकच ग्राफिक्स कार्ड अनेक आभासी मशीनना वाटून कसं द्यायचं? कंपनीला स्वतःपुरता रस्ता काढता आला असता. पण कर्नेलमध्ये जायचं तर सगळ्यांना वापरता येईल असा सामाईक सांगाडा हवा. रेड हॅटचे ॲलेक्स विल्यमसन वगैरे मंडळींनी तपासावं, चुका काढाव्यात, यांनी नवी आवृत्ती पाठवावी, असं डझनाहून जास्त वेळा झालं. फेब्रुवारी २०१७ च्या ४.१० आवृत्तीत तो सांगाडा आला. त्याच आवृत्तीत इंटेलच्या ग्राफिक्ससाठी तो वापरला गेला, पुढे आयबीएमच्या मोठ्या मशीनसाठीही. म्हणजे स्पर्धकांनाही उपयोगी पडला! आणि एक सुंदर गोष्ट : ज्यांच्याकडे ते महाग कार्ड नाही त्यांनाही सांगाडा तपासता यावा म्हणून सोबत खोट्या सीरियल पोर्टचा एक नमुना ड्रायव्हर दिला. हॉस्टेलच्या खोलीत बसूनही तो चालवता येतो. मी चालवला आहे.

हेही सांगायला हवं की आत गेला तो सांगाडा. एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर बाहेरच राहिला. कंपन्या सगळंच देतात असं नाही. पण जे देतात ते कसं द्यावं लागतं, ते इथे दिसतं.

एक ओळ

महिनाभर घासून मी सरांकडे गेले. सरांनी या वेळी दुसरा प्रश्न विचारला, "ही चिप कर्नेलमधल्या एखाद्या ड्रायव्हरला आधीच येते का, बघितलंस?"

मी बघितलं नव्हतं! प्रत्येक यूएसबी वस्तूवर दोन नंबर असतात, एक कंपनीचा, एक वस्तूचा. ड्रायव्हरकडे अशा नंबरांची यादी असते, यादीत नंबर सापडला तरच तो पुढे येतो. कंपनीच्याच कोडमध्ये चिपचं मूळ नाव लिहिलेलं होतं. ते कर्नेलमध्ये शोधलं आणि मी डोक्याला हात लावला. त्या कुळातल्या चिपांसाठी एक नीटनेटका ड्रायव्हर आधीच होता. आमचा डोंगल चालत नव्हता, कारण त्याचा नंबर यादीत नव्हता. कंपाइल न करताही चालू ड्रायव्हरला 'हा नंबरही तुझाच' असं तात्पुरतं सांगता येतं. मी सांगितलं. डोंगलचा निळा दिवा लागला.

म्हणजे माझं सबमिशन एका ओळीचं! जी पायरी सगळ्यात आधी करायची ती मी सगळ्यात शेवटी केली. तुम्ही असं करू नका. सर मात्र म्हणाले, "महिना वाया गेला नाही. पहिल्या दिवशी तुला तो ड्रायव्हर वाचता तरी आला असता का?"

ती एक ओळ मी पाठवली, आणि तीही परत आली. देखभाल करणाऱ्यांचं उत्तर तीन वाक्यांचं होतं : नंबर यादीच्या क्रमात घातलेला नाही, काय केलं ते लिहिलंय पण का ते लिहिलेलं नाही, आणि कशावर तपासलं ते सांगा. आधी राग आला. एक ओळ आहे हो! मग लक्षात आलं की त्यांच्याकडे हा डोंगल नाही. माझ्या शब्दावरच ते ओळ घेणार, आणि उद्या त्यामुळे कुणाचं दुकान बंद पडलं तर निस्तरणार तेच. मी सोमवार ते शनिवार डोंगल बाबांच्या दुकानात चालवला, रोज किती वेळ चालला, काढून परत लावल्यावर काय झालं, ते लिहून ठेवलं. दुसरी आवृत्ती पाठवली, वर्णनात 'का' लिहिलं, आणि पॅचखालच्या जागेत पहिल्या आवृत्तीनंतर काय बदललं तेही. खाली सही केली. ती करताना माझा हात जरा थरथरला, आणि जर्नलच्या वेळी तो कधीच थरथरला नव्हता.

ओळ घेतली गेली. नवीन कर्नेल साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येतं, आणि तिथून आपल्या मशीनपर्यंत पोचायला आणखी वेळ जातो. तोपर्यंत दुकानातलं मशीन सुरू होताना नंबर सांगायचं काम माझी छोटी स्क्रिप्ट करते. बाबांना मी सगळं समजावलं. ते म्हणाले, "म्हणजे आता अपडेट केलं तरी चालेल?" मी म्हटलं, "चालेल. पण ॲडमिशनच्या दिवसांत नको."

जाता जाता

कंपनीच्या त्या तीन फाइली अजून माझ्याकडे तशाच आहेत, पाटीसकट. उत्तर आलं तर पुढचं काम करीन, नाही आलं तर नाही. आपल्या लॅबच्या कपाटात जुने वेबकॅम, सीरियल केबल, लॅन कार्डं धूळ खात पडलेली आहेत. त्यातलं एखादं घ्या, त्याचे दोन नंबर बघा, कर्नेलमध्ये शोधा. सांगलीच्या वालचंद कॉलेजात मुलांचा लिनक्स ग्रुप आहे. आपल्याकडे का नसावा? शनिवारी संध्याकाळी लॅब मिळाली तर मी येईन. चहा ज्याचा त्याने आणावा.

आणि हो, या सेमिस्टरला एक्सपेरिमेंट नंबर सहाची रीडिंग्ज मी स्वतः घेतली. ग्राफ वाकडा आला आहे. पण विचारलंत तर का वाकडा आला, ते मला सांगता येईल.